घरटी एक माणूस

आधीच सांगून टाकते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. लग्नाआधी गिरगावात रस्त्यावर उतारा दिसला की मैत्रिणी लांबून जायच्या, आणि मी त्यातला नारळ चांगला आहे का ते बघायची. तेव्हा हे वाचून कुणी मला गंडेदोरे सुचवू नयेत, एवढी विनंती.

गोष्ट एकोणीसशे पन्नासनंतरच्या वर्षांतली, मुलुंडची. तेव्हाचं मुलुंड म्हणजे दोन वेगळी गावंच होती. स्टेशनच्या पश्चिमेला आखीव सरळ रस्ते, दुकानं, दवाखाना. पूर्वेला उतरलं की भातखाचरं, पुढे मिठागरं आणि त्यापलीकडे खाडी. त्यातलीच काही खाचरं आगरी लोकांनी विकली आणि तिथे आमच्यासारख्या ऑफिसवाल्यांची सात-आठ बैठी घरं उभी राहिली. गिरगावातले नातेवाईक म्हणायचे, "एवढ्या लांब? मग ठाण्यालाच जा की!" पण हवा झकास होती, मोकळं होतं. दोष एकच... सकाळी पुरुष ऑफिसला गेले की वस्तीत बाप्या माणूस औषधालाही सापडायचा नाही.

घरात मी, हे आणि सासूबाई. मला सातवा महिना होता. सासूबाईंना अर्धांगवायू झाला होता – उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मागच्या, खाडीकडच्या खोलीत त्या पडून असायच्या. खरं सांगू? आमचं कधी पटलं नव्हतं. माझं तोंड फटकळ, त्यांचं त्याहून. त्यांची वाचा गेली तेव्हा शेजारच्या वहिनी मला म्हणाल्या, "सुटलीस गं बाई!" मला त्यांचा रागही आला आणि हसूही. पण बोलणारी सासू परवडली. गप्प पडलेली बघवायची नाही.

सर्वपित्री अमावास्येची भर दुपार. पावसाचा मागमूस नव्हता, ऊन नुसतं भाजत होतं. मी भांडी आवरत होते. एवढ्यात फाटकाशी कुणीतरी हाळी दिली.

"खांड गेली वोऽऽ! घरटी एक मानूस!"

खांड म्हणजे काय, तेही मला तेव्हा ठाऊक नव्हतं. दारात येऊन बघते तर फाटकाबाहेर एक उंच म्हातारा. कमरेला रुमाल, खांद्यावर फावडं, पाय गुडघ्यापर्यंत ओल्या चिखलाने माखलेले. चेहऱ्यात भिण्यासारखं काही नव्हतं. भाजी घेऊन आला असता तर मी त्याच्याशी खुशाल घासाघीस केली असती.

"इथे पुरुषमाणूस नाही कुणी. ऑफिसला गेलेत," मी म्हटलं.

"घरटी एक."

"अहो, सांगितलं ना नाहीये म्हणून!"

"तू हायस ना? चल."

एरवी असल्या माणसाला मी फाटकावरूनच वाटेला लावलं असतं. तसे शब्द तोंडात आलेही होते. पण... मी चपला घालत होते. हे मला आजवर कुणाला नीट समजावता आलेलं नाही. कुणी ओढत नव्हतं, भोवळ आली नव्हती, दोरीवरचे कपडेसुद्धा लख्ख दिसत होते. मनात फक्त एवढंच – जायला हवं, उशीर होतोय. पोटातलं बाळ, आत पडलेली आजारी बाई, काही म्हणजे काही आठवत नव्हतं. मी ओट्याच्या पायऱ्या उतरले, फाटकाची कडी काढली. म्हातारा वळून खाडीच्या वाटेला लागला होता, आणि मी एक पाय बाहेर टाकला.

"तिला नको. मी येते."

आवाज घरातून आला. स्पष्ट, खणखणीत. स्वयंपाकघरातून माझ्या नावाने ओरडायच्या, तोच सासूबाईंचा आवाज!

मला एकदम सगळं आठवलं. धावत आत गेले. त्या खाटेवरून खाली पडल्या होत्या आणि डाव्या हातावर अंग रेटत पुढच्या दाराकडे सरपटत येत होत्या. "अहो, काय करताय!" म्हणून मी त्यांना मागे वळवायला गेले, तर त्या चांगल्या हाताने मला ढकलत होत्या. एवढी ताकद कुठून आली देव जाणे. मला ओझं उचलायची बंदी, आणि त्या काही केल्या थांबेनात. मी घाबरून रडायलाच लागले.

तेवढ्यात बायजाक्का आली. ही आमची रोजची भाजीवाली, जवळच्या पाड्यावरची आगरी बाई. तिने पाटी टाकली आणि आम्ही दोघींनी सासूबाईंना धरून कसंबसं पुढच्या ओट्यावर आणून बसवलं.

आणि मग पाणी आलं. आधी मागच्या दाराच्या फटीतून, मग दारच धाडकन उघडलं. गढूळ, खारं पाणी, त्यात तडफडणारे मासे. आमचं घर मागे उतरतं होतं. बघता बघता मागची खोली कमरेइतकी भरली, आणि सासूबाईंची खाट भिंतीवर आपटून उलटी झाली. ओट्याच्या वरच्या पायरीशी येऊन पाणी थांबलं.

बायजाक्काने कपाळावर हात मारला. "खांड गेली गो!"

"तो म्हातारा हेच सांगत होता..."

"कंचा म्हातारा?"

मी सांगितलं. ती खाडीच्याच वाटेने आली होती. एकच वाट, दोन्ही बाजूंना उघडी खाचरं, आणि तिला कुणीही भेटलं नव्हतं. मग तिने मला समजावलं. खाडीचा बांध फुटला की त्याला म्हणायचं खांड गेली. उधाणाचं पाणी शेतात घुसायच्या आत हाकाऱ्या घरोघर जायचा आणि घरटी एक माणूस बांध धरायला निघायचा.

"पन ती रीत शेता होती तवाची, बाय. शेता इकली, आता बांदाकडं बगतो कोन? कोन कोनाला हाकारील?" मग आवाज खाली करून म्हणाली, "तू ओ नाय ना दिलीस?"

"मी नाही. यांनी दिली."

बायजाक्काने सासूबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं.

बांध फुटला होता तो बरोबर त्या वाटेवर. वाटच वाहून गेली होती.

पुढे सगळ्यांनी आपापली अक्कल पाजळली. डॉक्टर म्हणाले, धक्क्याने वाचा क्षणभर येऊ शकते. हे म्हणाले, मिठागरावरचा कुणी मजूर असेल. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, सर्वपित्रीला पितर आले. मी म्हटलं, आमचे पितर राजापूरचे, ते मुलुंडला फावडं घेऊन कशाला येतील? पण माझे पाय का निघाले, ते मात्र कुणीच सांगितलं नाही.

मला मुलगी झाली. सासूबाई त्यानंतर चार वर्षं जगल्या, पण पुन्हा एक अक्षर बोलल्या नाहीत. मात्र 'मी येते' असं त्या कुणालातरी कबूल करून बसल्या होत्या, आणि तेही माझ्याऐवजी. ते माझ्या मनातून जाईना. म्हणून कशावरही विश्वास नसलेली मी, दर अमावास्येला आणि पौर्णिमेला, म्हणजे उधाणाच्या दिवशी, दुपारी पुढचं दार लावून त्यांच्या खाटेशी बसायची, त्यांचा हात घट्ट धरून. बाहेर पोस्टमनने हाका मारल्या तरी ओ द्यायची नाही. त्या माझ्याकडे बघून अर्ध्या तोंडाने हसायच्या.

त्या गेल्या एका अष्टमीला, सकाळी, माझ्या हातून चहा पिता पिता. खाडीला ओहोटी होती. मी खूप रडले. आणि रडता रडता एकच वाटत होतं... त्या म्हाताऱ्याला मी यांना नेऊ दिलं नाही.