दुसरीच्या सासूसाठी प्रार्थना

तेव्हा मी वांकिडीच्या शाळेत शिकवत होते आणि नवरा आदिलाबादच्या कापूस बाजारात कारकून होता. शनिवारी संध्याकाळच्या बसनं यायचा, सोमवारी पहाटे परत. अशात आदिलाबादच्या मराठी शाळेत एक जागा रिकामी झाली आणि मी देवाच्या मागं लागले.

आमच्या चर्चच्या मंडळीत बायकांची प्रार्थना शुक्रवारी दुपारी पाळकांच्या बायकोच्या, म्हणजे पाळकीणबाईंच्या ओसरीवर व्हायची. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. प्रत्येकीनं आपली विनंती नावासकट चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायची, मग डबा फिरायचा. जिची चिठ्ठी हाती येईल तिच्यासाठी आठवडाभर मागायचं, स्वतःसाठी नाही. कोणी काय मागितलं ते पुढच्या शुक्रवारी सगळ्यांसमोर सांगायचं.

माझ्या चिठ्ठीत मी लिहिलं होतं, 'आदिलाबादला बदली व्हावी, कुटुंब एका छपराखाली यावं.' वाचायला किती पवित्र. मनात मात्र नळाचं पाणी होतं, टॉकीज होती, आणि तिथं राहणाऱ्या जावेसमोर मिरवायचं होतं.

डबा माझ्यापाशी आला. चिठ्ठी निघाली ती माझ्याच शाळेतल्या दुसऱ्या बाईंची. 'आदिलाबादची जागा मिळावी. सासूबाई तिथं अंथरुणाला खिळल्यात, बघणारं कोणी नाही.'

जागा एक, मागणाऱ्या दोघी. आणि तिच्यासाठी मागायचं मी.

आता माझी हुशारी बघा. मी बदलीचं नावच काढलं नाही. गुडघे टेकले आणि म्हणाले, "प्रभू, त्या म्हातारीला खडखडीत बरी कर." म्हातारी उठली की सुनेला बदली कशाला हवी? सकाळ-संध्याकाळ मागायचे. लेकीला गोवर निघाला तेव्हाही एवढ्या कळवळ्यानं मागितलं नव्हतं. डोळ्यांत पाणी यायचं, आणि त्या पाण्याचं मलाच कौतुक वाटायचं.

बुधवारी मधल्या सुट्टीत ती बाई माझ्याजवळ आली. हातात पोस्टकार्ड.

"बाई, सासूबाई उठून बसल्या म्हणते. आपल्या हातानं दोन घास भात खाल्ला म्हणते."

माझ्या तोंडून पटकन निघालं, "मंग आता बदलीचं राह्यलं?"

"काऊन राह्यलं? त्याइचा एक हात अजून चालत नाही." ती कार्डाकडं बघत म्हणाली, "पण मी नुसती बदलीच मागून राह्यली होती व. त्या बऱ्या व्हाव्या, असं मागाचं मले सुचलंच नाही. माही चिठ्ठी जिच्या हाती गेली, तिनं मागितलं असंन. तिचं मन किती मोठं असंन."

घंटा व्हायच्या आधीच मी वर्गात जाऊन बसले.

त्या संध्याकाळी गुडघ्यांवर बसले, पण 'जागा तिला दे' हे तीन शब्द तोंडून निघेनात. निघाले तेव्हा त्यांच्या मागोमाग 'माझी सोय तू बघशीलच' हेही निघालं. ते परत घेतलं. पुन्हा पहिल्यापासून. लेक भुकेनं कुरकुरायला लागेपर्यंत माझं हेच चाललं होतं.

शुक्रवारी सांगायची माझी पाळी आली. मी सांगून टाकलं, "मी हिच्या सासूसाठी मागितलं. पण हिला जागा मिळू नये म्हणून. बुधवारपासून हिच्यासाठी जागा मागून राह्यली."

मग तीच बाई म्हणाली, "म्हणजे माही सासू तुमच्या लबाडीनं उठून बसली?"

"हो."

"मंग अजून आठ दिवस लबाडी करा, बाई. हात राह्यला आहे."

आधी पाळकीणबाई हसल्या, मग सगळ्या.

जागा तिलाच मिळाली. मी तिची वळकटी बांधून दिली, बसमध्ये बसवून आले, आणि घरी येऊन बक्षिसाची वाट बघत बसले. एवढा त्याग केल्यावर देव महिन्याभरात दुसरी जागा काढेल, अशी माझी पक्की खात्री. देवानं तीन वर्षं घेतली.

ती गेल्यावरच्या पहिल्याच शुक्रवारी मी चिठ्ठीत लिहिलं, 'म्हातारीचा हात चालू दे.' खाली बारीक अक्षरात, 'आणि आदिलाबादला अजून एक जागा निघू दे.' चिठ्ठी पाळकीणबाईंच्या हाती गेली. त्यांनी चष्मा वर करून दोन्ही ओळी वाचल्या.

"खालचं मी मागतो," त्या म्हणाल्या. "वरचं तुमीच मागा. तुमाले सवय आहे."