पुढची सीट

कुवेतमधल्या आमच्या खैतान भागातल्या इमारतीतल्या नर्सबाईंना मी मावशी म्हणतो. त्या घरीही वॉर्डात असल्यासारख्याच बोलतात, उत्तराची वाट न बघता. संध्याकाळी त्यांचं दुबईचं विमान होतं, तिथून क्रूझ. त्याआधी, इतकी वर्षं हॉस्पिटलच्या गाडीतूनच पाहिलेलं हे शहर त्यांना हिंडून बघायचं होतं.

"बसने कोण फिरतं हो इथे? सगळे बॅचलर असतात. मी सोडतो," शेजारचे इंजिनियर किल्ली फिरवत म्हणाले. बायकामुलं गावी ठेवून आलेल्या मजुरांना इथे बॅचलर म्हणतात.

"मग मीही बॅचलरच. नवरा रत्नागिरीला आहे," म्हणत मावशी मला घेऊन निघाल्या.

बस खच्चून भरलेली. पुढच्या सीटा बायकांच्या, म्हणून तिथे पेंगणाऱ्या मजुराला ड्रायव्हरने दरडावलं. सिमेंटने माखलेले बूट सावरत तो उठू लागला. मावशींनी खांदा दाबून त्याला बसवलं आणि शेजारी बसल्या. हा उठल्याशिवाय बस हलणार नाही, ड्रायव्हर म्हणाला.

"मावशी, विमान चुकेल," मी कुजबुजलो.

"चुकू दे." त्यांनी पर्स मांडीवर घेतली. "भैया, आप बैठो. समुंदर इसी खिडकी से दिखेगा."