शिलालेखावरचा चुना

आमच्या ह्यांना सोलापुरात सगळे 'दगडमास्तर' म्हणायचे. पाठीमागे नव्हे, चांगलं तोंडावर. हे नुसते हसायचे आणि माझ्या अंगाची लाहीलाही व्हायची. शाळेत इतिहास शिकवायचे आणि रविवार उजाडला की सायकल काढून कुठल्या तरी पडक्या देवळात जाऊन बसायचे. परत यायचे ते सदऱ्याला शेवाळ आणि खिशात शाईचे कागद घेऊन. भवानी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत कपड्यांपेक्षा कागदच जास्त होते. झाडू कुठून मारायचा, हा मला रोज सकाळी पडणारा प्रश्न.

ह्या सगळ्या देवळांत ह्यांचं एक लाडकं होतं. अक्कलकोटच्या बाजूला नदीकाठी एक खेडं आहे, त्याच्या बाहेर. काळ्या दगडाचं, फार जुनं. शिखर कधीच ढासळलेलं, मंडपाचे अर्धे खांब आडवे पडलेले, पण गाभाऱ्यात पिंड शाबूत आणि पूजा रोजची. पुढच्या दाराशी कमरेएवढी एक शिळा उभी होती आणि तिच्यावर जुन्या कानडीत लेख कोरलेला. वरच्या चार ओळी कुणालाही दिसत. ह्यांचं म्हणणं असं की खाली आणखी तीन ओळी आहेत, झिजल्या आहेत, डोळ्यांना दिसत नाहीत पण बोटांना लागतात. शिळेवर कागद ठेवून शाईचा ठसा घेतला आणि पुण्याच्या एका प्रोफेसरांना पाठवला. त्यांचं कार्ड आलं. ओळी चारच आहेत, खाली दगडाची झीज आहे, नवशिक्यांना असे भास होतात.

नवशिक्या! सात वर्षं ज्या माणसानं पायडल मारून मारून गुडघे झिजवले, त्याला नवशिक्या! ह्यांनी ते कार्ड फाडलं नाही की काही नाही. एका पुस्तकात घालून ठेवलं आणि मधूनमधून काढून वाचायचे. ते पुस्तक हातात दिसलं की मी मुद्दाम भांडी आपटायची.

आणि मग तेच प्रोफेसर सोलापुरात आले! एकोणीसशे तिसाच्या पुढची दोन-चार सालं असतील. वाचनालयानं त्यांचं व्याख्यान ठेवलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीपर्यंत ते मोकळे होते. वाचनालयाच्या मंडळींनी, म्हणजे वकीलसाहेब वगैरेंनी ठरवलं, भाड्याची मोटारलॉरी करायची, सकाळी निघायचं, अर्ध्या दिवसात देऊळ बघून परत. बायकांनीसुद्धा यायचं. आणि देऊळ दाखवायचं काम मास्तरांचं! हे घरी आले ते चपला घालूनच आत आले. म्हणाले, "अगं, शिळेसमोर उभा करतो त्यांना. त्यांचीच बोटं लावतो दगडाला." मला इतका आनंद झाला की भाकरी तव्यावर करपली तरी कळलं नाही.

पुढचे आठ दिवस मी घरातल्या घरात तो दौरा इतक्यांदा केला की विचारू नका. मी परातीत पीठ मळतेय आणि हे समोर उभे. "आता डावीकडे बघा. ह्या पट्टीत हत्ती आहेत." डावीकडे आमची घागर. शिळा ह्यांनी मुद्दाम शेवटी ठेवली होती. रस्ता देवळाच्या मागच्या अंगाला येतो, तेव्हा मागून सुरुवात करायची आणि पुढच्या दाराशी संपवायचं.

त्या देवळाचा म्हातारा गुरव मंगळवारी बाजाराला आला की आमच्याकडे पाणी पिऊन जायचा. माझं माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे मला कानडी येतं आणि त्याला बोलायला बरं वाटायचं. ह्यांनी मला सांगून ठेवलं होतं, "जागा झाडून ठेवा म्हणावं." एवढंच. पण मी कसली एवढ्यावर थांबते! उत्साह उतू चाललेला. मी त्याला म्हटलं, "बाबा, लई मोठे पाहुणे येणार आहेत. सणाला ठेवता तसं ठेवा देऊळ." तो मान डोलावून "आयतु, अक्का", म्हणजे झालंच समजा, असं म्हणाला आणि गेला.

त्या दिवशी लॉरीत आम्ही तिघी बायका मागं आणि पुरुष मंडळी पुढं. काय ती लॉरी! खड्डा आला की आम्ही एकमेकींच्या मांडीवर. वकीलबाई देवाचं नाव घेत होत्या आणि मी हसून हसून बेजार. माझ्या मांडीवर दह्याचं गाडगं, पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. प्रोफेसर गंभीर, डोक्याला पगडी, डोळ्याला जाड चष्मा. वकीलसाहेब ह्यांना चिडवत होते, "मास्तर, आज बोटांनी वाचायचं की डोळ्यांनी?" मी मनात म्हटलं, करून घ्या थट्टा, अजून तासभर.

आणि हे काय बोलले त्या दिवशी! घरी भाजीत मीठ कमी पडलं तर सांगायला ज्यांना दहा मिनिटं लागतात, ते हेच का, असं वाटावं. पडलेल्या खांबावर खडा वाजवून दाखवला, तो चक्क घंटेसारखा वाजला. हत्तींच्या पट्टीत एक हत्ती मागं वळून बघतो, तो दाखवला. कोरणाऱ्याचा हात कुठं थांबला आणि दुसऱ्याचा कुठं लागला, तेही दाखवलं. प्रोफेसर आधी नुसते हं हं करत होते, मग वही काढली, मग एकेक प्रश्न विचारायला लागले. वकीलसाहेबांची थट्टा आपोआप बंद पडली. माझी छाती अशी काही फुगली होती की चोळीचे बंद तुटतात की काय!

"आता शेवटची गोष्ट," हे म्हणाले आणि आम्ही कोपऱ्यावरून पुढच्या दाराशी वळलो.

सगळं पांढरं. उंबरा पांढरा, चौथरा पांढरा, दोन्ही बाजूचे खांब पांढरे, आणि मधोमध ती शिळा, वरपासून खालपर्यंत दाट चुन्यानं माखलेली. एक अक्षर दिसेल तर शपथ. बाजूला गुरव धुतलेलं धोतर नेसून, हात जोडून उभा, मागं त्याची बायको. तोंडावर असा भाव की आता शाबासकी मिळणार.

ह्यांचा चेहरा मला बघवेना. आणि मग हे ओरडले. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "अरे काय केलंस हे! कुणी सांगितलं होतं तुला?" एरवी गुरवबाबा, तुम्ही म्हणणारा माणूस एकदम अरेतुरेवर आला.

गुरव गडबडून गेला. "देवाला चुना द्यायचं आमच्याच घराकडं हाय की, मास्तर. आज्याच्या आज्यापास्नं. पावनं येनार म्हनून औंदा लवकर दिला, अन् ह्या दगडालाबी दिला." एवढं बोलून त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली. मी सांगितलं होतं, हे तो बोलला नाही.

आणि मीही बोलले नाही. आजही सांगताना लाज वाटते. एरवी कुणाचं ऐकून घेणारी नाही मी, पण तेव्हा तोंडाला कुलूप बसलं. एक म्हातारा माझ्यापायी बोलणी खात होता आणि मी पदराशी चाळा करत उभी. वकीलसाहेब कुणाच्या तरी कानाशी लागून हसले. प्रोफेसरांनी घड्याळ काढून बघितलं. हे चौथऱ्यावर मटकन बसले.

त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. गाडगं उचललं आणि सगळंच्या सगळं दही शिळेवर ओतलं! "अहो, जेवणाचं दही!" वकीलबाई किंचाळल्या. पितळेच्या भांड्यावरचे डाग आंबटानं निघतात, मग चुना का नाही निघणार? शिवाय कालचाच तर होता, अजून पक्का धरलेला नव्हता. गुरवाच्या बायकोला मी कानडीत ओरडून सांगितलं, नारळाची शेंडी आण, पाणी आण. ती धावत आली. पदर खोचून आम्ही दोघी लागलो घासायला. पांढरे ओघळ माझ्या लुगड्यावर, तोंडावर, केसांत. वरच्या ओळी उघड्या झाल्या. मी खाली वाकले आणि शेंडी दाबून घासणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "थांबा! बाई, थांबा! हात लावू नका!"

प्रोफेसर. पगडी एका हातात धरून धावत आले आणि चिखलात गुडघ्यावर बसले. मला आधी काही कळेना. मग दिसलं. दगडाच्या अंगावरचा चुना धुऊन गेला होता, पण झिजलेल्या खाचांत बसलेला तसाच राहिला होता. काळ्या दगडावर पांढरी अक्षरं, पाटीवर खडूनं लिहावीत तशी. चौथ्या ओळीखाली पाचवी. तिच्याखाली सहावी. आणि अगदी जमिनीलगत सातवी!

"अहो!" मी ओरडले. "अहो, इकडे या! आहेत! तीनही आहेत!"

हे आले. बोट लावून एकेक ओळ मोजली, पुन्हा मोजली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायचं भान नव्हतं. प्रोफेसर कोट काढून सरळ पालथे पडले होते. तसेच पडल्या पडल्या म्हणाले, "मास्तर, सात आहेत. नवशिक्या मी ठरलो." काय सांगू, मला तिथं फुगडी घालावीशी वाटली. मी गुरवाच्या बायकोचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले आणि तीही हसायला लागली, का ते न कळताच.

लांबून लॉरीचा भोंगा वाजत होता, गाडी चुकेल म्हणून. कुणी हललं नाही. प्रोफेसर एकेक शब्द लावत होते. पाचव्या ओळीत दिव्याचं तेल. सहावीत फुलं. सातवीपाशी ते बराच वेळ थांबले, मग उठून बसले आणि गुरवाकडे बघू लागले. "देवळाला दरसाल चुना देणाऱ्या घराला," ते सावकाश म्हणाले, "नदीकाठची जमीन दिली आहे. चंद्रसूर्य असेपर्यंत."

हे उठले, डोक्यावरची टोपी काढली आणि गुरवापुढे वाकले. "गुरवबाबा, माझं चुकलं. तुम्हाला नको ते बोललो." म्हातारा मागं सरकला, "न्हाय न्हाय, मास्तर." आता मात्र मला राहवेना. सगळ्यांदेखत म्हटलं, "त्यांचं काही नाही. सणासारखं ठेवा असं मीच सांगितलं होतं. ते बोलणी खात होते तेव्हा मी गप्प बसले." हे माझ्याकडे बघतच राहिले. मी गुरवाची माफी मागितली आणि सातव्या ओळीत काय आहे ते त्याला कानडीत नीट समजावून सांगितलं.

त्यानं ऐकून घेतलं. शिळेवरून हात फिरवला. मग प्रोफेसरांकडे वळून, अगदी साधेपणानं विचारलं, "मंग ती जमीन कुटं हाय?"

प्रोफेसरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. वकीलसाहेब नदीकडे बघायला लागले. त्या म्हाताऱ्याच्या घरात वीतभर जमीन नव्हती, हे मला ठाऊक होतं. बाजारात तो दोरखंड वळून विकायचा, आणि त्यातूनच दरसाल चुना आणायचा.

हे त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. "बाबा, जमिनीचं मला काही सांगता येत नाही," ते म्हणाले. "पण पुढच्या सालापासून चुना आमच्या घरून येईल."

"आना की," गुरव म्हणाला. "पर हात माझाच लागंल."

पुढल्या साली आम्ही दोघं चुन्याचं पोतं घेऊन गेलो. मी कालवून दिला. शिळा झाकायची की नाही, हे आम्ही त्याच्यावर सोडलं. त्यानं खांब केले, उंबरा केला, चौथरा केला. मग शिळेपाशी येऊन बसला, कुंचला खाली ठेवला आणि सातव्या ओळीच्या खाचांत बोटानं चुना भरू लागला.