दोन इंच उचलू की चार?

दुकानात बसणाऱ्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत, ते स्वतःच्या पायांनी चालत येतात. माझं स्पेअर पार्टचं दुकान जाम गावच्या चौरस्त्यावर. शेजारी रमेश मिस्त्रीचं गॅरेज आणि दोघांच्या मधे एक बाकडं. गाडी दुरुस्त होईपर्यंत माणूस करणार काय? बोलतो! इतकं साचलंय डोक्यात, की समोरचं गिऱ्हाईक ऑइल फिल्टर मागतं आणि मला भलतंच काही आठवून हसू फुटतं. ते बिचारं आपल्या शर्टाची बटणं तपासतं!

त्यातला अर्धा साठा एकट्या निलेशचा. तिशी ओलांडलेला, वांगी-फुलकोबी पिकवणारा, स्वतःच्या पिकअपमधून माल हिंगणघाटला नेणारा पोरगा. कष्टाला वाघ, पण बूड एका जागी टिकत नाही. लग्न जमत नव्हतं. मुलीकडचे पहिला प्रश्न विचारायचे, "नोकरी कुठं?" आणि तिथंच विषय संपायचा. लग्नाच्या तिथी सरत आल्या, तसा तो बाकड्यावर बसायचाही बंद झाला. नुसत्या येरझाऱ्या! त्याच्याकडे बघून मलाही बसवेना.

*

हे सगळं पेटलं तळेगावच्या स्थळापासून. निलेश आणि त्याचा मित्र बबन पिकअपने गेले, वडील मागून एसटीने येणार होते. बबन कडक इस्त्रीचा शर्ट घालून पुढे उतरला. निलेश गाडी सावलीत लावायला गेला.

तो परत येतो तर काय, अंगणातच कोणीतरी त्याच्या हातात चहा दिला आणि खाट दाखवली. "बसा ड्रायव्हरभाऊ, पाव्हणे आत आहेत."

आत बबन सोफ्यावर! शिक्षण किती, ओलिताची शेती किती, सगळं विचारून झालं. बबन दोन लेकरांचा बाप, पण भिडस्त. विचारलं की उत्तर देतो. वडील एसटीने पोचले तेव्हा कुठे उलगडा झाला. तोवर घरातल्यांना बबन पसंत पडला होता!

दुसऱ्या दिवशी निलेश दुकानात आला तो थेट काउंटरवर हात आपटत. "दिलीपभाऊ, गाडी पाहून लोकं मले ड्रायव्हर समजते. गाडीचा लुकच बदलवून टाकतो!"

*

कमानपाट्यांत जास्तीचे पाटे आणि ठोकळे घालून गाडी वर उचलायची, वरून रुंद टायर आणि अलॉय चाकं. याला लिफ्ट किट म्हणतात. आता प्रश्न एकच, दोन इंच उचलायची की चार?

मिस्त्री म्हणाला दोन. बबन मोबाइलवर व्हिडिओ बघून म्हणाला चार. मग निलेश दिसेल त्याला विचारत सुटला. पानवाल्याला, कंडक्टरला, बियाणं घ्यायला आलेल्या एका म्हाताऱ्याला.

एकदा हायवेवर पोलिसांनी तपासणीसाठी गाडी अडवली. कागद बरोबर होते, साहेब म्हणाले, "जा." हा गेलाच नाही! खाली उतरून विचारतो, "साहेब, गाडी उचलाची आहे. दोन इंच बरी का चार?"

साहेबांनी त्याला खालून वर पाहिलं. "इंच तू ठरव. पावती किती फाडायची ते मी ठरवतो!"

शेवटी त्याने तीन इंच केली. मिस्त्री म्हणाला, "आता दोघंही नाराज."

*

चाकांचं तर विचारूच नका. काळं अलॉय की चकचकीत? नेलं, आणलं, पुन्हा नेलं. माझ्या दुकानातलं एक चाक हिंगणघाट सोडून बाकी सगळीकडे फिरून आलं. मी वैतागलो. शेवटी चकचकीत चाक त्याच्या हाती दिलं आणि सांगितलं, "आजची रात्र घरी ठेव, उद्या सकाळी काय ते एकच सांग. मले बी दुसरे कामं आहेत!"

सकाळी तो चाक खांद्यावर घेऊन आला. "काळंच द्या."

मी चाक फिरवून पाहिलं. बरोबर मधोमध हळद-कुंकू, वर दोन अक्षता चिकटलेल्या!

"हे काय बे?"

"मायनं लावलं. म्हणते, घरात नवी वस्तू आली, तिले कुंकू लावू नाई का?"

आता पूजा झालेला माल मी परत कसा घेऊ? आणि घेतला तरी त्याची माय मला सोडणार होती का? उरलेली तीन चाकंही मग चकचकीतच गेली. इतक्या दिवसांच्या घोळाचा निकाल त्या माउलीने एका बोटाने लावला.

*

गाडी तयार झाली. दिसायची झकास, खोटं कशाला बोलू! पण उजवीकडे पूर्ण वळवली की पुढचं टायर मडगार्डला घासायचं आणि असं किंचाळायचं की कुत्री उठून पळायची.

मिस्त्री म्हणाला, "ठेवून जा, मडगार्ड कापून देतो." पण कापायचं म्हटल्यावर याचं मन होईना. आठवडाभर हा लांबचा फेरा मारून डावीकडूनच वळायचा.

बबनने एकदाच विचारलं, "लेका, सासर उजव्या हाताले निघालं तं?"

त्याच दुपारी मडगार्ड कापलं.

*

आणि मग रोहण्याचं स्थळ आलं. मुलगी पल्लवी, घरची भाजीपाल्याचीच शेती. तिथीच्या हिशोबाने या मोसमातलं हे शेवटचंच. बबनला मुद्दाम घरी ठेवलं. निलेश, त्याचे वडील आणि मी.

वाटेत निलेशने गाडी तीनदा थांबवून चाकं पुसली. त्याचे वडील खिडकीबाहेर बघत नुसते सुपारी चघळत होते. हाही नकार आला असता तर या पोराच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

बैठकीत बसलो. पाणी झालं, आतून पोह्यांच्या फोडणीचा वास यायला लागला. आजवर निलेश प्रत्येक ठिकाणी पोह्यांवरच उठला होता, जेवायला कोणी थांबवलं नव्हतं. पल्लवी येऊन बसली. तिचे वडील म्हणाले, "बाई, तुले काही विचाराचं असन तं विचार."

मला वाटलं, मान खाली घालून नाही म्हणेल. तिने दारातून बाहेर गाडीकडे पाहिलं.

"गाडी इतकी उंच काऊन केली?"

निलेश पायाचा अंगठा फरशीवर घासायला लागला.

"हौद्यात भाजीचे कॅरेट कोण चढवते?"

"मीच," निलेश म्हणाला. "पहिले एकटाच चढवत होतो. आता हात पुरत नाई. एक जण खाली लागते, एक वर."

"मंग दुसरं माणूस पाहिजे म्हणून बायको पाहून राह्यले का?"

तिची आत्या खोकली. निलेशच्या वडिलांची सुपारी थांबली. मी मनात म्हटलं, झालं, उठा आता! निलेशने माझ्याकडे पाहिलं, नेहमीसारखं, काय उत्तर देऊ म्हणून. मी काय सांगणार, कपाळ? मी नजर चोरून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

मग तो तिच्याकडेच बघून बोलला.

"नाई जी. बायको भेटावी म्हणून गाडी उचलली. दुसरं माणूस लागते, हे उचलल्यावर समजलं."

पल्लवी उठली आणि पदर सावरत आत गेली. भांड्यांचा आवाज थांबला. मग तिचा आवाज आला, बैठकीत सगळ्यांना ऐकू येईल असा.

"माय, पोहे राहू दे. भात टाक."