पाठीमागून हाक

आमचे हे बोईसरच्या एका कापड कारखान्यात मागावर होते. तिथे मागांचा असा खडखडाट, की घसा फोडून ओरडलं तरी शेजारच्याला ऐकू जात नाही. म्हणून कामगार आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतात आणि समोरचा ते वाचतो. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, हे लोक एकमेकांना वेडावतायत. पुढे मीही शिकले.

घरी मात्र यांचा आवाज सुटायचा. चाळीच्या तोंडाशी आले की हाक, "अगं ए, चहा ठेव!" घिवली गावाहून येणारी मासळीवाली टोपली उतरवता उतरवता म्हणायची, "बाय, तुजा घरवाला आला बग." मी यांच्यावर डाफरायचे, "अहो, हळू! अख्ख्या चाळीला चहा पाजू का?"

किती मूर्ख होते मी.

घशाच्या कॅन्सरमध्ये यांचं स्वरयंत्र काढलं. आमचं बोलणं काही थांबलं नाही, ओठ वाचायला मला येतच होतं. पण त्यासाठी तोंडाकडे बघावं लागतं. मी ओट्याशी पाठमोरी असले की हे टाळी वाजवायचे. मी वळायचे, पण टाळीने काय, कुणालाही बोलावतात. मला माझी हाक हवी होती.

मग दवाखान्यातून एक यंत्र चाचणीसाठी मिळालं. गालावर आणि हनुवटीखाली पट्ट्या चिकटवायच्या. ओठ हलवताना स्नायू हलतात, त्यावरून यंत्र शब्द ओळखतं आणि मोठ्याने बोलतं. पुढेमागे म्हणे थेट मेंदूतूनच ओळखेल. ते शिकवायला आलेल्या इंजिनिअर बाई म्हणाल्या, "काकू, काकांचा जुना आवाज कुठे रेकॉर्ड असेल, तर यंत्र त्याच आवाजात बोलेल."

मला केवढा हुरूप आला! फोनमध्ये यांचा एकच व्हॉइस मेसेज उरला होता. बाकीचे मीच पुसले होते. हे कामावरून मेसेज पाठवायचे तेव्हा सवयीने फोनपुढेही नुसते ओठ हलवायचे. मी चिडायचे, "मला कारखाना कशाला ऐकवता?" उरलेला मेसेजही तसलाच निघाला. बाईंनी दोनदा ऐकला. "यात काकांचा आवाजच नाहीये हो."

मग दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज बसवला. बातम्या देणाऱ्यासारखा, स्वच्छ.

पहिल्या दिवशी मी बोंबील साफ करत होते. मागून आवाज आला, "अगं ए." परत आला. तिसऱ्यांदा आल्यावर मी खिडकीतून शेजारी ओरडले, "टीव्ही जरा बारीक करा की!" तेवढ्यात खांद्यावर हात पडला. वळले, तर यांचे ओठ हलले आणि तोच परका आवाज म्हणाला, "मीच होतो."

आता मी त्या आवाजाला ओ देते. यांना बरं वाटतं.

पण हे संध्याकाळी फिरायला गेले की तो मेसेज लावते आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहते. सोळा सेकंद नुसते माग खडखडतात. त्यात कुठेतरी यांनी "अगं ए" म्हटलेलं आहे.