केळीच्या बुडाशी

लताबाई गांगुर्डे यांची सगळी नोकरी पेठ तालुक्यातल्या पाड्यांवरच्या शाळांत गेली. मार्च सरला की वर्गातल्या मुली कमी व्हायच्या. आयांबरोबर त्या ओढ्यात उतरलेल्या असायच्या. वाळूत खड्डा करायचा, झिरपेल तसं पाणी वाटीनं उपसायचं आणि हंडा भरायचा. बाईंनीही तिथे तसंच पाणी भरलं होतं. रिटायर होऊन नाशिकला जेल रोडच्या घरी कायमच्या राहायला आल्या, तेव्हा नळ सोडला की पाणी येतं याचंच त्यांना कितीतरी दिवस अप्रूप वाटायचं.

घर चार रो-हाउसमधलं शेवटचं. बाजूच्या मोकळ्या पट्टीत त्यांनी बाग केली. मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, लिंबू, आणि कोपऱ्यात केळी. चारही घरांची पाण्याची टाकी त्याच कोपऱ्याशी जमिनीत होती.

गेल्या उन्हाळ्यात पाणी दिवसाआड झालं आणि कुरबुर सुरू झाली. सकाळी टाकी काठोकाठ भरायची, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायला मोटर लावावी तर नुसती घरघर. एवढं पाणी जातं कुठे? सगळ्यांची नजर बागेकडे वळली.

शेजारची मंजुषा एकदा फाटकाशी थांबली. "काकू, राग मानू नका. पण माझ्याकडे लहान बाळ आहे. झाडांना पाणी घालायचे हे दिवस आहेत का?"

"अगं, पाइप तर मी होळीलाच गुंडाळून ठेवलाय."

"मग बाग एवढी हिरवी कशी?"

तांदूळ, भाज्या धुतलेलं पाणी लताबाई झाडांना घालत. गीझरचं गरम पाणी येईपर्यंत वाहणारं गार पाणी बादलीत धरत. बुंध्यांभोवती वाळक्या पानांचा जाड थर घातला होता, त्यामुळे एकदा दिलेली ओल टिकून राहायची. पाणी द्यायचं तेही ऊन उतरल्यावर, तांब्यानं. केळीला तर तेवढंही नाही, तिच्यापर्यंत पुरायचंच नाही. पण हे सगळं सांगत सुटणं म्हणजे चोरानं खुलासे देण्यासारखं वाटलं. "पाण्याची नासाडी" हा शब्द आपल्या नावाला चिकटावा, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. जेवण जाईना. डोक्यावरून आंघोळ करणंही त्यांनी पुढे ढकललं.

शेवटी त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, झाडं देऊन टाकू. मला हे सोसत नाही."

धम्मपालराव एसटीत कंडक्टर होते. भांडणं मिटवण्यात त्यांची हयात गेली होती. "दे हवं तर," ते म्हणाले, "पण टाकी त्यानं भरेल असं मला वाटत नाही."

मंजुषाच्या नवऱ्याचं, कुंदनचं गाव दिंडोरीकडे. तिथे भावाच्या विहिरीला पाणी होतं. झाडं तिकडे न्यायचं ठरलं. रविवारी सकाळी कुंदन कुदळ-फावडं घेऊन आला, जरा ओशाळलेलाच. सगळ्यात मोठी म्हणून केळीपासून सुरुवात केली. लताबाई आत जाऊन बसल्या. त्यांना बघवेना.

थोड्या वेळानं बाहेरून हाक आली. "काकू! केळीला पाणी कधी घातलंत?"

"महिना झाला असेल."

"मग हे काय?"

त्या धावत आल्या. उपटलेल्या केळीखालच्या खड्ड्यात चिखल होता, आणि चिखलावर पाणी चढत होतं. लताबाई तिथेच उकिडव्या बसल्या. ओंजळीनं पाणी उपसलं, थांबल्या. खड्डा पुन्हा भरू लागला. असं भरणारं पाणी त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं.

"कुंदन, टाकीच्या बाजूनं खण. हे टाकीचं पाणी आहे."

हातभर आणखी खाली एक पाइप लागला. बांधकामाच्या वेळी पाणी घ्यायला टाकीतून काढलेला आणि मग टोपण लावून गाडून टाकलेला. टोपणाला उभी चीर गेली होती. रोज पाणी येत होतं तोवर गळती कुणाच्या लक्षात आली नव्हती.

कुंदननं कुदळ बाजूला ठेवली. "आम्ही तुम्हाला बोललो, काकू..."

"ते नंतर. आधी प्लंबरला फोन लाव."

दुपारपर्यंत नवं टोपण बसलं. मंजुषा बाळाला कडेवर घेऊन आली, काहीतरी बोलायला गेली आणि तिला रडूच आलं. लताबाईंनी बाळाला आपल्याकडे घेतलं. "अगं, तू विचारलंस म्हणून तर खणलं गेलं," त्या म्हणाल्या. हे अगदी खरं नव्हतं, पण त्या क्षणी त्यांना तसंच वाटत होतं. छातीवरचं ओझं उतरलं होतं.

बाकीच्या झाडांना कुणी हात लावला नाही. केळी मात्र उपटलेलीच होती, ती दिंडोरीला गेली.

पुढचं पाणी आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी धम्मपालरावांनी भीतभीतच मोटर लावली. वरच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला. लताबाईंनी शिकेकाई काढली, न्हाणीघराचं दार लावलं आणि किती दिवसांनी डोक्यावरून पाणी घेतलं.

"झालं का?" बाहेरून धम्मपालराव म्हणाले.

"नाही," आतून आवाज आला, "अजून एक तांब्या."