आईनं न पाहिलेली देवी

इमामभाई शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला तेव्हा मी वर्गावर भूगोल शिकवत होतो. एरवी तो शाळेकडे कधी फिरकत नसे. पेटी वाजवणारा माणूस, त्यातून माझ्या बालमित्राबरोबर, धोंडूबरोबर, एका खोलीत राहणारा, म्हणून बारामतीतले काही सभ्य लोक त्याला पाहून रस्ता बदलत. तोही मग आपणहून कुणाच्या वाटेला जात नसे. त्या दिवशी मात्र फाटकाचा गज धरून उभा होता. मी बाहेर आलो. "मास्तर, धोंडू गेला," एवढंच म्हणाला. थोड्या वेळानं, "आईला कोण सांगणार? माझ्यानं न्हाय व्हायचं."

धोंडूच्या आईला मी सांगितलं. आधी खोलीवर जाऊन धोंडूचं तोंड पाहिलं, मग कऱ्हाटीला गेलो. ती वांग्याच्या वाफ्यात खुरपत होती. तिथंच शेजारी बसून सांगितलं. तिनं खुरपं खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि विचारलं, "तोंड कसं हुतं रं?" मी म्हणालो, "झोपल्यागत होतं, आत्या." "मग बरं," ती म्हणाली आणि पुन्हा खुरपं उचललं... या गोष्टीला आता तीन महिने उलटले. मृताविषयी लिहायचं तर त्याची कीर्ती सांगावी, अशी रीत आहे. धोंडूची कीर्ती सांगायची म्हणजे मोठीच पंचाईत. त्याचं तोंड हजारोंनी पाहिलं होतं, आणि तो कोण हे फारच थोड्यांना ठाऊक होतं.

मूकपट पाहणाऱ्यांना 'मिस चंद्रकला' हे नाव आठवत असेल. ही चंद्रकला म्हणजे आमच्या कऱ्हाटीचा धोंडिबा. त्याचं आणि आमचं शेत बांधाला बांध. त्याच्या आईला मी लहानपणापासून आत्या म्हणतो. नवरात्रात मुली हादग्याचा फेर धरत तेव्हा हा त्यांच्यात जाऊन उभा राही, आणि गाणी त्यालाच सगळ्यांत जास्त पाठ. मुलींना त्याचं काही वाटत नसे. एखादं कडवं अडलं की त्याच म्हणत, "धोंडे, तू सांग की!" वाटायचं ते त्याच्या बापाला. तात्या काठी घेऊन यायचे, फेर मोडायचा. मार खाऊन झाला की धोंडू मला म्हणे, "किसना, मी काय चोरी केली रं?" मी चौथीत होतो, काय सांगणार? पुढं मी बी. ए. झालो, आमच्या गावातला पहिला, आणि हे मी छाती पुढं काढून सांगतो. पण त्या प्रश्नाचं उत्तर मला कॉलेजातही कुणी शिकवलं नाही.

मिसरूड फुटायच्या सुमाराला तो नरसिंहपूरच्या जत्रेतून एका तमाशाच्या फडाबरोबर निघून गेला. फडात नाच्या झाला. केस वाढवले. तिथून त्याला सिनेमाच्या कंपनीवाल्यांनी उचलला, कारण त्या वेळी चांगल्या घरची बाई कॅमेऱ्यापुढं उभी राहायला तयार नव्हती आणि जी तयार होती तिला धोंडूसारखं चालता येत नव्हतं. सहावारी, नऊवारी, शालू, काही नेसवा, लुगडं त्याच्या अंगावर आलं की जन्मापासून तिथंच असल्यासारखं दिसे. घरी तात्यांनी पायरीवर उभं राहून सांगितलं, "त्याचं नाव ह्या घरात निघायचं न्हाय. आन जी कोण त्याचं सोंग बघायला जाईल, तिनं माघारी ह्या दारात येऊ नये." घरात बाई एकच होती. त्यामुळं ते कुणाला उद्देशून होतं हे विचारायची गरज नव्हती.

मी सुट्टीत घरी आलो होतो तेव्हा नरसिंहपूरच्या जत्रेत, भीमा-नीरेच्या संगमाच्या वाळवंटावर, तंबूतला सिनेमा लागला. चित्र देवीचं होतं आणि देवी झाला होता धोंडू. मूकपटाला बोलणं नसे. मधूनमधून पडद्यावर अक्षरं येत. जत्रेतल्या माणसांना ती वाचता येत नव्हती, म्हणून तंबूवाला एखाद्या शिकलेल्याला पुढं उभा करून ती मोठ्यानं वाचून घ्यायचा. त्या जत्रेत तो शिकलेला मी होतो. पडद्याखाली इमामभाई पेटी वाजवत बसला होता. माझी आणि धोंडूची, दोघांचीही त्याच्याशी ओळख तिथली. देवी ओठ हलवी, अक्षरं येत, मी गर्जून वाचे, "भक्ता, भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे!" इमामभाई सूर धरी, आणि बायका उठून पडद्यापुढं येत. खण, नारळ, तांदूळ... देवीची ओटी भरायला. पुढच्या वाळूत खणांचा ढीग पडला होता. तंबूवाल्यानं आधी आरडाओरडा केला, मग त्यालाच भीती वाटली असावी, कारण त्यानंही वहाणा काढल्या.

धोंडू मागं, कनातीला टेकून उभा होता. केस फेट्यात कोंबलेले, अंगात कोट. कुणी ओळखलं नाही. खेळ संपल्यावर मी त्याला म्हटलं, "लेका, देव झालास की!" तो हसला, पण त्याची नजर बाहेर पडणाऱ्या बायकांवर होती. एकेक तोंड बघत होता. सगळ्या गेल्या तेव्हा म्हणाला, "आई आली न्हाय व्हय?"

"तात्यांनी बजावलंय, ठाऊक आहे ना तुला?"

"व्हय. पर मला वाटलं, देवीला यायला काय हरकत हाय?"

त्यानंतर तो जेव्हा भेटे तेव्हा हेच. कंपनी, मानमरातब, रस्त्यात वळून बघणारे लोक, सगळं सांगून झालं की शेवटी, "आईला एकदा ती देवी दावायची हाय, किसना. बाकी कुणी बघू नगा." तात्या होते तोवर ते घडणं नव्हतं. आत्या बाहेरून खंबीर बाई, पण तो उंबरा तिला ओलांडवला नाही.

मग बोलपट आले. खऱ्या बाया पडद्यावर आल्या, गाऊ लागल्या. कंपनीनं धोंडूला निरोप दिला आणि इमामभाईची पेटी तर कुणाला नकोच झाली; पडदा आपलाच गाऊ लागला. दोघं बारामतीला येऊन कसब्यात एक खोली घेऊन राहिले. लग्नाकार्यात गाण्याला जात. त्यांचं नातं काय, असं मला विचारणारे पुष्कळ भेटले. मी सांगे, धोंडूला ताप आला की इमामभाई रात्रभर उशाशी बसतो आणि इमामभाई रोजा सोडतो तेव्हा धोंडू भाकरी टाकतो. ह्याला तुमच्यात काय म्हणतात ते तुम्हीच ठरवा. धोंडू खोलीत लुगडं नेसून असे. स्वतःविषयी कधी 'गेलो' म्हणे, कधी 'गेले'. मला आधी अवघड वाटे. मग सवय झाली, आणि नंतर तर तो 'गेलो' म्हणाला की वाटे, आज काहीतरी बिनसलंय.

"आता खऱ्या बाया मिळत्यात म्हणं कंपनीला," तो एकदा भाकरी थापताना म्हणाला. "मग मी इतकी वर्सं काय खोटी हुते?"

पुढं एका बोलपटात त्याला काम मिळालं. मोठ्या आनंदानं गेला. परत आला तेव्हा कामाबद्दल अक्षर बोलला नाही. त्याच वर्षी तात्या वारले. आणि काही महिन्यांनी आत्या बारामतीच्या बाजारातून तडक माझ्या दारात आली. हातात पिशवी, पिशवीत नारळ.

"किसना, तंबूत आपलं धोंडू आलंय म्हणं. चल, मला दाव."

धोंडू आणि इमामभाई तेव्हा फलटणकडे एका लग्नाला गेले होते. चित्र कसलं ते मला ठाऊक नव्हतं. बाहेरच्या फलकावर चंद्रकलेचं नाव होतं खरं. आत्यानं जत्रेची हकिगत बायकांकडून ऐकलेली होती. "मला रांडमुंडीला ओटी भरता यायची न्हाय," ती वाटेत म्हणाली, "पर नारळ ठिवला तर चालंल की देवीला."

पडद्यावर धोंडू आला. देवी नव्हे, श्रीमंताघरचा गडी. अंगावर पदर नसताना पदर सावरणारा, टाळ्या वाजवून बोलणारा, मान वेळावणारा. त्यानं पहिलं वाक्य उच्चारलं, "आगं बाई, मला न्हाय जमायचं!" आणि हशानं तंबू फुटला. जत्रेत देवीला माझा आवाज होता. हा त्याचा स्वतःचा होता, हादग्यात गाणारा, आमच्या कऱ्हाटीचा. मग नायिकेनं केरसुणी घेतली आणि त्याला झोडपत अंगणभर फिरवलं. शिट्ट्या पडल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, ही तर कऱ्हाटीची रंभा!"

आत्या उभी राहिली. "कोण रं त्यो? म्होरं ये. बत्तिशी हातात देते."

"म्हातारे, खाली बस, पडदा दिसंना!"

"जावई दिसतोय म्हातारीचा!"

"माझं प्वार हाय त्यो!" आत्या म्हणाली.

मला वाटलं, आता हशा थांबेल. तो वाढला.

मी तिला हात धरून बाहेर आणलं. मी कॉलेजात वादविवादाची बक्षिसं मिळवलेला माणूस, पण त्या तंबूत तोंडातून शब्द निघाला नाही. निघून तरी काय करायचं होतं? पडद्यावरचा मार आधीच देऊन झाला होता. तो आता गावोगाव, रोज, तसाच पडणार होता.

धोंडू परतल्याचं कळलं तशी आत्या त्याच्या खोलीवर गेली. किती वर्षांनी माय-लेकरं समोरासमोर आली होती. तो लुगड्यात होता; गडबडून धोतर शोधू लागला. "ऱ्हाऊ दे, बस," ती म्हणाली, आणि त्याचे दंड, पाठ चाचपून बघू लागली.

"कुठं लागलं रं?"

"आई, लटकं असतंय ते. केरसुणी अंगाला लागत न्हाय."

"मग माणसं हसत हुती, ती बी लटकीच व्हय?"

धोंडूनं माझ्याकडं पाहिलं, मी इमामभाईकडं. मग आत्याच म्हणाली, "मला ते नगं. ती देवी दाव. बाया पाया पडल्या ती."

ती गेल्यावर धोंडूनं दार लोटून घेतलं. मग मला म्हणाला, "बाई म्हणून हुभी केली तवा नारळ फोडलं. मी हाय तसा हुभा केला तर केरसुणी. कंपनीला तरी काय बोलायचं, किसना? लोक तिकीट काढूनच बसलेत." तेव्हाच त्याला खोकला लागलेला होता. डॉक्टरांनी क्षय सांगितला. तो म्हणे, "तेवढी फीत आण कुठनं तरी. एकदा. आई बघंल, मी बी तिच्या शेजारी बसून बघंन."

मी हिंडलो. दौंडची लहान आगगाडी पकडून पुण्याला गेलो; कंपनीच्या जागी लाकडाची वखार होती. इंदापूरला तो जुना तंबूवाला सापडला. त्यानं मला ओळखलं. "वाचणारे मास्तर ना तुमी? त्या मुक्या फिती कोण बघतंय आता? समद्या वजनावर दिल्या." कुणाला, विचारलं. "मुंबईचे लोक येत्यात. फीत म्हंजी कचकडाच; त्यातली चांदी काढून घेत्यात, आन ऱ्हातो त्या कचकड्याच्या बांगड्या करत्यात. चांगल्या असत्यात, फुटत न्हाईत."

धोंडूला मी खरं तेच सांगितलं. तो हसला, हसता हसता खोकला, इमामभाईनं पाठ चोळली. "बरं झालं," तो म्हणाला, "बायांच्या हातात तरी गेले." मग भिंतीकडं तोंड करून, "पर आईला काय दावायचं आता?" नंतरचे दिवस इमामभाईच जाणतो. त्या खोलीत कुणी कुणाला काय सांगितलं ते मी विचारलेलं नाही, आणि तोही सांगत नाही.

सुतक संपल्यावर आत्या माझ्याकडं आली. "किसना, तू शिकलेला हायेस. सायबाला अर्ज कर, कायबी कर. ती देवी मला दाव." मी तिलाही खरं सांगितलं. कचकडा म्हणजे काय, चित्र फितीवर कसं उमटतं, ती वितळवली की काय होतं, सगळं, वर्गात सांगावं तसं सोपं करून. तिनं मान हलवली. मला वाटलं, समजलं नसावं.

गेल्या गुरुवारी बाजारात गेलो होतो. कासारणीच्या पथारीपुढं आत्या बसली होती. वांग्यांची पाटी बाजूला, रिकामी झालेली. कासारीण गिऱ्हाइकांच्या हातात बांगड्या भरत होती आणि आत्या ढिगातली एकेक कचकड्याची बांगडी उचलून उन्हाकडं धरत होती, डोळा बारीक करून तिच्या आरपार बघत होती, आणि परत ठेवत होती. मी जवळ गेलो. कासारीण हलकेच म्हणाली, "बसू दे, मास्तर. दर बाजाराला येत्यात. कुणाला काय तरास न्हाय त्यांचा."

आत्यानं मान वर केली. हातात हिरवी बांगडी होती.

"किसना, बरं झालं आलास," ती म्हणाली. "ह्यातलं कंचं त्याचं असंल रं?"